चौदाव्या पाहुण्याची मेव्हणी

छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय साळूअक्का,

पाया पडते. आम्ही दोघं बरे आहोत. थंडीनं तुझे गुडघे दुखायला लागले असतील, ते आधी कळव. मागच्या वेळी दिलेलं तेल लावतेस का नुसतं फडताळात ठेवलंस, तेही लिही. श्रेयाला बघायला मंडळी येणार होती, त्याचं काय झालं?

पत्र बघून तुला वाटेल, हिचा फोन बिघडला का काय. फोन चांगला आहे. पण तुला ऐकू येत नाही म्हणून सूनबाई स्पीकर लावते, आणि मग आपलं बोलणं तू सोडून सगळं घर ऐकतं. मला सांगायचंय ते तू एकटीनं वाचावं. श्रेयाकडूनही वाचून घेऊ नको. नात गुणी असली तरी नको.

आधी बातमी सांगते.

दिवाळी झाल्यावर आमच्या दारात एक माणूस आला. तन्वीर नावाचा, चाळिशीचा. औरंगपुऱ्यात त्याचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. पण त्याचा जीव सगळा जुन्या सिनेमांत. पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका, थिएटरबाहेर काचेच्या पेटीत लावायचे फोटो, हे तो वीस वर्षं गोळा करतोय. त्यानं पिशवीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक काळा-पांढरा फोटो काढला आणि मला विचारलं, "मावशी, ही तुम्हीच ना?"

दोन वेण्या, रिबिनी, हातात पोह्यांचं ताट आणि डोळे तिरळे केलेले. अक्का, ती मीच होते. फोटोखाली छापलेलं होतं, 'पाहुणा चौदावा'.

मी दाराची कडी धरून उभी राहिले. आमचे हे आतून चष्मा पुसत आले, फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बेचाळीस वर्षं संसार केला, आणि घरात नटी आहे हे आज कळतंय." मग चहा ठेवायला तेच आत गेले.

तन्वीरला हे सगळं पैठणकडच्या एका तंबू टॉकीजवाल्याच्या घरून मिळालं. मालक वारले, त्यांच्या बायकोनं ट्रंक देऊन टाकली. त्यात या सिनेमाचे, पेटीत लावायचे आठही फोटो होते आणि पत्र्याच्या डब्यांत रिळं. पुण्याच्या एका संग्राहकाकडं सहा फोटो आहेत, कोल्हापूरच्या एकाकडं एकच, तो म्हणे त्यानं देवघराशेजारी लावलाय. आठ कुणाकडं नव्हते. रिळांना आंबूस वास येत होता, तरी ती त्यानं पुण्याला नेऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आता तीस तारखेला, रविवारी संध्याकाळी, इथल्या वाचनालयाच्या सभागृहात खेळ ठेवलाय. त्यात मुख्य कामं केलेल्यांपैकी मी एकटीच उरले, असं तो म्हणतो.

मी विचारलं, एवढं काय आहे त्या सिनेमात? शहरात तर तीन आठवड्यांत उतरला होता. तो हसला. म्हणाला, मारामारी नाही, भूत नाही, नुसतं एक घर आणि बघायला येणारे पाहुणे, म्हणून तर लोक शोधतात. त्याच्या अम्मीला, जाहेदाबींना, बघायला आले तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीनं शरबतात मीठ घातलं होतं. अम्मीनं हा सिनेमा तंबूत तीनदा बघितला, मराठी अर्धंच कळायचं तरी.

तू तो कधीच बघितला नाहीस, म्हणून गोष्ट सांगते. एका हेडमास्तरांना दोन मुली, आई नाही. थोरलीला बघायला पाहुणे आले की धाकटी काहीतरी घोटाळा करते. कुणाच्या चपला लपवते, कुणाच्या टोपीत मांजराचं पिल्लू ठेवते. तेरा स्थळं मोडतात. चौदावा येतो, त्याच्या पोह्यांत ती मूठभर मीठ घालते. तो सगळे पोहे खातो आणि ताट पुढं करून अजून मागतो. लग्न होतं, आणि तो त्याच गल्लीत घर घेतो. शेवटी दोघी बहिणी समोरासमोरच्या खिडक्यांतून गप्पा मारताना दिसतात.

ती धाकटी मी. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या चितेगावात सिनेमावाले आले, त्यांनी आणलेल्या मुलीला गालगुंड झालं, आणि मी आपल्या भिंतीवर बसलेली त्या दिग्दर्शकाला दिसले. आप्पा नको म्हणत होते. तूच म्हणालीस, "आईविना पोर आहे, चार दिवस हसू दे तिला." रोज सकाळी तू माझ्या वेण्या घालायचीस आणि शूटिंग चालायचं त्या देशमुखांच्या घरापर्यंत सोडायला यायचीस, ते दहा दिवस मला पाठ आहेत. तू एकच अट घातली होतीस. तुझं लग्न ठरेपर्यंत गावाबाहेर कुणाला यातलं काही बोलायचं नाही.

तन्वीरच्या पिशवीत आणखी एक फोटो होता, त्या आठांतला नसलेला. देशमुखांच्या पायरीवर तू बसली आहेस, माझी वेणी तुझ्या हातात, रिबीन दातांत धरलेली, आणि कशाला तरी खळखळून हसतेस. एकोणीस वर्षांची. फोटोवाल्यानं स्वतःसाठी काढला असावा. तन्वीरनं विचारलं, या कोण? मी म्हणाले, माझी अक्का. तो म्हणाला, मग हा तुमच्या घरचा, तुमच्याकडंच राहू दे.

तो फोटो बारा दिवस माझ्या कपाटात आहे. रोज काढते, बघते, ठेवते. आज या पत्रात घातलाय. आता लिहितेच.

अक्का, जालन्याचं स्थळ मी मोडलं.

सुपारीची तारीख ठरली होती. त्याआधी मुलाची आत्या एकदा घर बघून जाते म्हणून आली. तू चुलीपुढं होतीस. मी तिला हातपाय धुवायला विहिरीवर नेलं. तिथं मी तिला सांगितलं की मी तोंडाला रंग लावून सिनेमात काम केलंय, अक्काच मला पाठवायची, अक्का रोज तिथं यायची, आणि त्यांच्यातल्या एका माणसानं अक्काचा फोटो काढून मुंबईला नेलाय. सगळं खरं होतं. पण ते मी आवाज खाली आणून, तोंडापुढं हात धरून सांगितलं, मोठ्या बायका सांगतात तसं. तेवढी नटी मी दहा दिवसांत झाले होते.

तू जालन्याला जाणार हे मला सहन होत नव्हतं. आणि मला खरंच वाटलं होतं, सिनेमात तेरा स्थळं मोडतात, सगळे हसतात, मग गल्लीतलाच कुणीतरी येतो. चौदा वर्षांची होते. मी त्याची वाट बघत बसले. आला नाही. दोन वर्षं कुणीच आलं नाही. मग बिडकीनचं स्थळ आलं, तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठं, पहिल्या बायकोची दोन लेकरं असलेलं, आणि आप्पांनी हो म्हटलं.

त्या दिवशी चतुराबाई विहिरीवर कपडे धूत होती. शेजारीण, त्यात आत्याशी दोन शब्द बोलताना तिला लोकांनी बघितलेलं. सगळे धरूनच चालले की तिनंच सांगितलं. तू तिच्या दारात जाऊन भर गावासमोर तिला बोललीस. मी तुझ्या मागं तुझा पदर धरून उभी होते. मी तोंड उघडलं नाही. तेव्हाही नाही, आप्पा गेले तेव्हाही नाही, सहा वर्षांपूर्वी चतुराबाई गेली तेव्हाही नाही.

तन्वीरनं माझं घर कसं शोधलं माहीत आहे? फोटोच्या मागं पेन्सिलीनं चितेगाव लिहिलेलं होतं. तो तिथं गेला, आणि त्याला माझा पत्ता चतुराबाईच्या गोकुळनं दिला. स्वतःच्या हातानं लिहून दिला. तो कागद बघितल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तुला कळावं, एवढंच.

तुझा पदर धरून गप्प उभी राहिलेली,
प्रयाग

*

बिडकीन
१६ नोव्हेंबर

प्रयागे,

पत्र मिळालं. गच्चीवर जाऊन एकटीनं वाचलं. दोनदा वाचलं. तेल लावते.

फोटो बघितला. मी एवढी हसायचे हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

जालन्याचं मोडलं तवा मी आठ दिवस रडले. नंतर नाय रडले. तो जालन्याचा मुलगा मास्तर होता, त्याचं तोंडसुद्धा मला आता आठवत नाय. तुझे दाजी बोलके नव्हते, पण पंचेचाळीस वर्षांत मला कधी उलटून बोलले नाहीत. बाजारातून आले की पिशवी आधी माझ्या हातात द्यायचे, मग पाणी मागायचे. दोन लेकरं मला आयती मिळाली. त्यातली थोरली रोज फोन करती. मला ऐकू येत नाय हे तिला माहीत हाय, तरी करती. तवा माझ्या लग्नाचं ओझं तू उतरव. तू मला बुडवलं असं काय झालं नाय.

पण चतुराबाईचं काय करायचं?

सुदर्शनच्या येळंला मी चितेगावला बाळंत झाले. माय नाय, तू पैठणला शिकायला. चतुराबाई डिंकाचे लाडू घिऊन आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणली, "साळे, मी नाय सांगितलं गं." मी भिंतीकडं तोंड फिरवलं. ती बराच येळ उभी होती. मग डबा घिऊन गेली. त्यानंतर ती माझ्या दारी कधी आली नाय. रस्त्यात दिसली की मी पदर पुढं ओढायचे. तिच्या मयतीला पण मी गेले नाय. तू गेली होतीस. मला लई राग आला होता तुझा. कशामुळं गेलीस ते आता कळलं.

मी तिला खोटी ठरवली ती तुझ्यामुळं. पण भिंतीकडं तोंड फिरवलं ते माझं मी. ते तुझ्यावर ढकलत नाय.

श्रेयाचं ठरत आलंय. मुलगा इथंच कंपनीत हाय. तिला मी सांगितलं, पाहुणे काय बी विचारू दे, खरं सांग.

शिनेमाला मी येणार नाय. बुधवारी सकाळी दहाला तू चितेगाव फाट्यावर उतर. श्रेया मला गाडीवर सोडणार हाय. गोकुळच्या घरी जाऊ. बोलायचं तू. मला ऐकू येणार नाय, पण तू बोलतीस का नाय ते मी बघणार.

तुझी असं आज लिहवत नाय.

साळू

*

छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, २० नोव्हेंबर

अक्का,

काल फाट्यावर तू विचारलंस, गोकुळ काय म्हणाला. मी तुझ्या कानाशी येऊन सांगितलं, बरं झालं आलात म्हणाला. तो तसं म्हणाला होता. पण तेवढंच नव्हतं. रिक्षात माणसं बसली होती, ओरडून सांगावं लागलं असतं, असं मी मनाशी म्हणत घरी आले. खरं म्हणजे माझ्या तोंडातून निघालं नाही. एकदा गप्प बसून पन्नास वर्षं घालवली. पुन्हा तसं करायचं नाही म्हणून लिहिते.

तू बघितलंस, मी उभ्यानंच बोलले. गोकुळची बायको चहा घेऊन आली होती, ती कपबशा तशाच धरून दारात थांबली. विहिरीवरचं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. गोकुळ पलंगाच्या कडेला बसून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. साठी उलटली त्याची, पण मला तो तेव्हाचा चड्डीतला गोकुळच दिसत होता. मग तो म्हणाला, "प्रयागताई, मायला माहीत होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

चतुराबाई त्या दिवशी विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, दगडापाशी होती. मी आत्याला बोललेला शब्द न् शब्द तिनं ऐकला. आत्या परत निघाली तेव्हा ती मुद्दाम आडवी गेली होती, पोरीचं बोलणं मनावर घेऊ नका, साळू गुणाची आहे, असं सांगायला. लोकांनी तिला आत्याशी बोलताना बघितलं ते हे. तू तिच्या दारात जाऊन बोललीस त्या संध्याकाळी गोकुळनं तिला विचारलं, माय, तू खरं का सांगत नाहीस? ती काय म्हणाली ते गोकुळच्याच शब्दांत लिहिते.

"त्या पोरीला आई नाय. साळूनं तिला दूर लोटलं तर ती कुणाकडं जाईल? मला माझं घर हाय."

अक्का, ती तुझ्या उंबऱ्याशी आली तेव्हाही मी नाही सांगितलं एवढंच म्हणाली. कुणी सांगितलं ते म्हणाली नाही. गोकुळलाही तिनं शपथ घातली होती. तो म्हणाला, तुम्ही मयतीला आलात तेव्हा वाटलं होतं आज सांगाल. नाही सांगितलंत, तरी आलात, म्हणून मी राग धरला नाही. आणि मग म्हणाला, बरं झालं आलात.

तेव्हाच मी खाली बसले. तुला वाटलं मला चक्कर आली. तू पाणी मागितलंस, माझ्या पाठीवर हात ठेवलास. काही न कळता ठेवलेला हात होता तो. हे वाचल्यावर ठेवशील का, मला माहीत नाही.

परत निघताना फाट्यावर तू विचारलंस, "शिनेमात तू किती येळ दिसतीस?" मी बोटांनी सांगितलं, अकरा मिनिटं. तन्वीरनं मोजलीत. तू म्हणालीस, "एवढ्यासाठी?" आणि पैठणच्या रस्त्याकडं तोंड केलंस. तू हसत होतीस का रडत होतीस, मला दिसलं नाही. खांदे मात्र हलत होते.

तीस तारखेला मला चार शब्द बोलायला सांगितलंय. चितेगावची बरीच म्हातारी माणसं येताहेत. लग्नाच्या प्रसंगात गावातलीच माणसं उभी केली होती, प्रत्येकाला आपलं तरुणपण पडद्यावर बघायचंय. गोकुळ आणि त्याची बायको येणार आहेत. मी काय बोलणार ते खाली लिहिते. सभेत ते कुणी ऐकण्याआधी तू वाचावंस.

"मी प्रयाग. सिनेमातल्या धाकटीनं तेरा स्थळं मोडली, ते तुम्ही आता बघाल आणि हसाल. खऱ्या आयुष्यात मी एकच मोडलं, माझ्या अक्काचं. ते चितेगावच्या विहिरीवर मी माझ्या तोंडानं मोडलं. गावानं बोल लावला चतुराबाईला. तिनं सगळं ऐकलं होतं. तरी माझं नाव तिनं मरेपर्यंत घेतलं नाही. तिच्यामुळं मला माझी बहीण राहिली. ज्यांनी ज्यांनी तिला नावं ठेवली त्यांनी आज ऐकून जावं."

एवढंच. तन्वीरला विचारलं, तुझ्या सिनेमाच्या कार्यक्रमात हे चालेल का? पुण्याचे, कोल्हापूरचे तुझे लोक लांबून फोटो बघायला येणार. फ्रेमच्या काचेवरची धूळ पुसून त्यानं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मावशी, बोला आप. सिनेमा नंतर लावू."

तू येणार नाही म्हणालीस, मी ओढणार नाही. थंडी आहे, रात्री परत जायचं म्हणजे गुडघ्यांचे हाल. फक्त हे पत्र मिळाल्याचं कळव.

आज पहिल्यांदाच तुझ्यापासून काही न लपवलेली,
प्रयाग

*

बिडकीन
२५ नोव्हेंबर

प्रयाग,

पत्र मिळालं. वाचून मी उठले आणि सुनंला म्हणलं, डिंक आण. काल लाडू केले. श्रेयासंगं जाऊन गोकुळच्या बायकोच्या हातात डबा दिला. तिनं घेतला. चतुराबाई बसायची त्या जागेवर मी जरा येळ बसले.

तुझ्यावर राग हाय. तो जाईल तवा जाईल. पण चतुराबाईनं जे लेकरू सांभाळून माझ्या पदरात ठिवलं, ते मी आता लोटून दिलं तर त्या बाईनं कशापायी सोसलं?

रविवारी येते. सुदर्शन गाडी काढतोय. माझी खुर्ची गोकुळच्या बायकोच्या शेजारी ठिवायला सांग. मुक्कामाला तुझ्याकडंच राहीन, भाकरी मीच करीन, तुझ्या भाकरी वातड होत्यात.

सुदर्शननं दोन वर्षांमागं कानाचं मशीन आणलं होतं. मी लावत नव्हते. म्हणायचे, आता काय ऐकायचं राहिलंय. परवापासून लावते. लई टोचतं, आणि भांड्यांचा आवाज डोक्यात जातो. पण तू जे बोलणार हाईस ते मला लिहिलेलं नको. तुझ्या तोंडानं ऐकायचंय. मोठ्यानं बोल.

तुझी,
अक्का